इन्स्पेक्शनवाले दानियलकाका

दानियलकाका कासूकर कोणाच्याही घरी गेले, की आधी कॉम्प्युटरचा वास घेतात.

माणसांना नमस्कार नंतर. दाराशी चपला काढतात, डोक्यावरची टोपी सारखी करतात आणि घरातला कॉम्प्युटर कुठल्या कोपऱ्यात आहे ते नजरेनं शोधतात. मग त्याच्या मागच्या बाजूला, जिथून पंख्याची गरम हवा बाहेर पडते तिथं, वाकून नाक नेतात आणि डोळे मिटतात. घरातली माणसं तोवर उभीच. मग काका डोळे उघडून एक तर "अजून हाय" म्हणतात, नाहीतर "जातोय" म्हणतात. "अजून हाय" म्हणाले तर चहा टाकायचा. "जातोय" म्हणाले तर चहा दोनदा टाकायची तयारी ठेवायची, कारण मग ते लवकर उठत नाहीत.

आम्ही पेणला राहतो. आमच्या आळीत शेवटच्याच्या आधीचं घर काकांचं. रोह्याला एका केमिकल कंपनीत त्यांनी जन्म काढला, तिथूनच रिटायर झाले. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. ते बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. त्यांचे भाऊबंद एकेक करून इस्राएलला गेले. काका गेले नाहीत. का नाही गेलात, असं विचारलं तर म्हणतात, "तिकडं सगळ्यांकडं लॅपटॉप. उघडायचा कसा?"

माझी आणि त्यांची ओळख सोड्यांमुळे, म्हणजे सुकवलेल्या कोलंबीमुळे, झाली. मी घरी बसून लग्नपत्रिका टाईप करते, छापून आणते, त्यांच्यावर खडे-टिकल्या लावून देते. पुढच्या खोलीत माझा कॉम्प्युटर, मागे स्वयंपाकघर, स्वयंपाकघरात सासूबाई. सासूबाई धरमतर खाडीकडच्या. त्यांच्या हातचं सोड्यांचं कालवण चुलीवर असलं की आळीच्या तोंडाला कळतं. आम्ही या घरात नवीन राहायला आलो होतो. एका दुपारी असंच कालवण रटरटत होतं आणि पायरीवर एक उंच, वाळका म्हातारा नाक वर करून उभा होता.

"वास येतोय," तो म्हणाला.

सासूबाई खूश झाल्या. "येणारच. सोडे हायत. बसा, भाकरी टाकते."

"सोडे आमच्यात चालत नाय. खवल्याची मच्छी खातो आम्ही."

"मग वास कशाला घेताय?"

"सोड्यांच्या मागं आणखी एक वास हाय," असं म्हणून काका सासूबाईंच्या बाजूनं आत आले आणि माझ्या कॉम्प्युटरमागे वाकले. सासूबाई पळी हातात घेऊन बघत राहिल्या. त्यांच्या उभ्या आयुष्यात त्यांच्या कालवणाच्या वासानं घरात शिरून कालवण नाकारणारा हा पहिला माणूस.

"जातोय," काका म्हणाले. "स्क्रू काढ. मी दाखवतो."

मी का काढले ते अजून मला कळलेलं नाही, पण काढले. पत्र्याचं झाकण बाजूला केल्यावर काकांनी टॉर्च मारला. आत हिरव्या पट्टीवर बोटाच्या पेराएवढी, काळी-निळी पिंपं उभी होती. काका म्हणाले, हे कपॅसिटर. वीज उड्या मारत येते. ती या पिंपांनी भरून घ्यायची आणि सारखी धार सोडायची, एवढंच त्यांचं काम. आत औषध असतं. उन्हाळे खाऊन खाऊन ते तापतं, वाफ धरतं. मग पिंपाचं झाकण फुगतं, कडेनं पाझर फुटतो, आणि काही काही पिंपांच्या पाझराला वास येतो तो मच्छीचा.

मी वाकून पाहिलं. बाकीच्यांची डोकी सपाट होती. दोघांची पुरीसारखी फुगलेली होती.

"मग हे बदलून द्या ना काका."

काका ताठ उभे राहिले. "आपलं काम इन्स्पेक्शनचं. मेंटेनन्स येगळा डिपार्टमेंट."

चपला घालून ते गेले. त्याच आठवड्यात, ऐन लग्नसराईत, मी एका पत्रिकेत "आमच्या येथे श्रीकृपेकरून" इथवर आले आणि मशीन गेली. श्रीकृपेकरून काय ते पडद्यावर आलंच नाही. सासूबाई म्हणाल्या, "त्यानं नजर लावली."

पेणमध्ये असं मानणारे पुष्कळ लोक आहेत. काका येऊन गेले की मशीन बंद पडते, हे खरंच आहे. फक्त ती त्यांच्यामुळे पडते की ते तिच्यामुळे येतात, याबद्दल दोन मतं आहेत. एका गणपतीच्या कारखान्यात ऑर्डरी घ्यायला कॉम्प्युटर ठेवलाय. काकांनी तो उघडायला लावला तेव्हा आतून शाडूच्या धुळीचा एवढा लोट उठला, की शेजारी रंग ओला असलेल्या मूर्ती पांढऱ्या झाल्या. मालकानं त्यांना हात जोडून बाहेर काढलं. काका बाहेर जाता जाता म्हणाले, "पंख्याची बेअरिंग घुमतेय. ऐका तुम्ही." मालक म्हणाले, "आता मला फक्त माझं डोकं घुमताना ऐकू येतंय."

त्यांचा अंदाज नेहमी बरोबर येतो असंही नाही. आमच्या समोरच्या घरी त्यांनी एकदा टॉर्च मारला आणि त्यांचा चेहराच उतरला. "एवढा फुगलेला मी आख्ख्या नोकरीत बघितला नाय," ते म्हणाले. घरच्यांनी घाबरून प्लग ओढला. नीट पाहिलं तर ते पालीचं अंडं होतं. काका टॉर्च आणखी जवळ नेऊन म्हणाले, "पण फुगलेलं हाय का नाय?" आणि ते अंडं बाहेर काढू नका, गरम जागा बघून घातलंय, असंही सांगून आले. त्या घरात पुढं बरेच दिवस कॉम्प्युटर कुणी चालू केला नाही. पिल्लू निघून गेल्यावर काकांना बोलावून तसं कळवलं.

दाताच्या डॉक्टरीणबाईंची गोष्ट तर सगळ्या पेणला माहीत आहे. काका खुर्चीत आडवे, तोंड उघडं, गालांत कापसाचे बोळे. उशाशी बाईंचा कॉम्प्युटर. काम अर्ध्यावर आलं आणि काकांना वास आला. बोलता तर येत नव्हतं. त्यांनी बोट वर केलं.

"दुखतंय का?" बाईंनी विचारलं.

काकांनी मान हलवून नाही म्हटलं आणि कॉम्प्युटरकडे बोट केलं. बाईंना वाटलं, यांना एक्स-रे बघायचाय. त्यांनी पडद्यावर दाढेचा एक्स-रे दाखवला. काकांनी पुन्हा मान हलवली आणि नाक चिमटीत धरलं. बाई समजुतीनं म्हणाल्या, "असू दे काका. सगळ्यांच्याच तोंडाला येतो." मग काकांनी शेवटचा उपाय म्हणून पिंपाचं झाकण कसं फुगतं ते दाखवायला दोन्ही गाल फुगवले. बाईंना वाटलं सूज चढतेय. त्यांनी आणखी एक इंजेक्शन दिलं.

खुर्चीतून सुटल्यावर अर्ध्या तोंडानं काका "कपॅशितल, कपॅशितल" म्हणत राहिले. बाईंनी त्यांना रिक्षात बसवून घरी पाठवलं. दोन-चार दिवसांत त्यांचा कॉम्प्युटर मिटला. आता काका गेले की बाई त्यांना आधी कॉम्प्युटरकडे नेतात आणि मगच खुर्चीवर घेतात.

शुक्रवारी सूर्य मावळला की काकांचा शब्बाथ, त्यांच्या धर्मातला विश्रांतीचा दिवस, सुरू आणि इन्स्पेक्शन बंद. शनिवारी ते विजेच्या बटणाला बोट लावत नाहीत, पांढरा शर्ट घालून आपल्या ओट्यावर बसतात. अशाच एका शनिवारी माझ्या दुरुस्त करून आणलेल्या कॉम्प्युटरच्या मागून धूर यायला लागला. नवरा शिफ्टला गेलेला. सासूबाई धावत जाऊन काकांना घेऊन आल्या. काका उंबऱ्यावर थांबले, हात पाठीमागे.

"काका, काय करू?"

"शनिवार हाय. मी काय सांगत नाय."

"अहो, धूर येतोय."

"दिसतोय मला. बघायला बंदी नाय." मग छपराकडे बघत म्हणाले, "एक गोष्ट सांगतो. एक बाई होती. तिच्या मशिनीतून असाच धूर यायचा."

"मग?"

"हुशार होती ती. तिनं भिंतीवरचं बटण बंद केलं."

मी बटण बंद केलं. "मग पुढे काय केलं तिनं?"

"खिडकी उघडली. तिची सासू बादली घेऊन आली होती, पण तिनं पाणी मारू दिलं नाय."

माझ्या मागे सासूबाईंनी हळूच बादली खाली ठेवली.

त्या दिवसापासून सासूबाईंचं मत बदललं. "शनवारी लय बरा बोलतो," त्या म्हणायला लागल्या, आणि काकांसाठी म्हणून घरात खवल्याची मच्छी यायला लागली.

आता बुधवारचं सांगायला हवं, कारण खरी गोष्ट बुधवारचीच आहे. दर बुधवारी काका दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून सकाळच्या गाडीनं रोह्याला जायचे आणि संध्याकाळी परत यायचे. कुठं चाललात विचारलं, की म्हणायचे, "कंपनीत इन्स्पेक्शन हाय." ती कंपनी केव्हाच बंद पडली होती. तिच्या फाटकावर वेल चढलेत, हे माझ्या नवऱ्यानं स्वतः पाहिलेलं. पण आळीत त्यांना तसं कुणी बोललं नाही. माणूस इस्त्रीचा शर्ट घालून निघाला की त्याला फार विचारू नये, असं सासूबाईंचं म्हणणं.

एका मंगळवारी काका आमच्याकडे आले आणि सरळ खुर्चीवर बसले. कॉम्प्युटरकडे त्यांनी पाहिलंही नाही. सासूबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "बरं वाटत नाय का?" त्यांनी विचारलं.

"बरा हाय मी." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "उद्या माझ्यासंगती रोह्याला येशील? तू पत्रिकेवर ते खडे चिकटवतेस. तसलं बारीक काम हाय."

"कोणाकडे?"

"अष्टमीला, रोह्याच्या पुलापलीकडं. मिल्काबाईंकडं."

हे नाव आम्ही पहिल्यांदा ऐकत होतो. सासूबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "जा तू. भात मी लावते."

गाडीत काकांनी सगळं सांगितलं, खिडकीबाहेर बघत, दुसऱ्याच कुणाची तक्रार नोंदवावी तसं. मिल्काबाईंचे यजमान त्यांच्याच कंपनीत होते. ते वारले. मुलगा बायकोपोरांसह इस्राएलला. जाताना त्यानं आईच्या घरी कॉम्प्युटर बसवून दिला, मोठ्या पडद्याचा, कारण बाईंची नजर अधू. मोबाईलवरचं त्यांना काही दिसत नाही. तिकडून त्यानं फोन लावला की इकडे काही दाबावं लागत नाही, आपोआप उचलला जातो आणि पडद्यावर सगळं घर दिसतं. रोज संध्याकाळी बाई त्या पडद्यासमोर बसून भाजी निवडतात आणि तिकडची पोरं त्यांच्यासमोर भांडतात.

"गेल्या वर्षी एकदा बंद केली मशीन," काका म्हणाले, "ती दोन दिवस उठलीच नाय. तेव्हापासून त्यांनी बंदच केली नाय."

"वर्षभर?"

"इन्व्हर्टर घेतला मशिनीसाठी. लाईट गेली की बाई अंधारात घामाघूम बसतात. पंखा इन्व्हर्टरवर लावू देत नाय. बोलतात, मशिनीला पुरला पाहिजे."

त्यांचं म्हणणं असं, की ही पिंपं आजारी असली तरी मशीन चालू असेपर्यंत चालत राहते. एकदा गार पडली की उठत नाही. पण आता ती चालतानाही अडायला लागली होती. मधेच पडदा काळा व्हायचा, पुन्हा यायचा. दुरुस्तीवाला येऊन सांगून गेला, नवीन घ्या, आठवड्यानं लावून देतो. आणि तिकडे नातीचं लग्न ठरलेलं. लग्न रविवारी, पण बाईंना बघायची होती मेंदी. मेंदी उद्या.

मिल्काबाई म्हणजे पाच फुटांच्या आतली, जाड भिंगाच्या चष्म्याची, सुती साडीतली बाई. दार उघडताच त्यांनी माझा हात धरून मला आत घेतलं आणि काकांना म्हणाल्या, "आज उशीर केलास."

"गाडी लेट होती, मिल्काबाई," असं अदबीनं म्हणून काका थेट कॉम्प्युटरमागे गेले. डोळे मिटले. आम्ही दोघी उभ्या.

"जातोय," ते म्हणाले.

"गेल्या बुधवारी पण हेच बोललास."

"तेव्हा जात होता. आता गेलाच म्हणून समजा."

काकांनी खिशातून एक सुपारीची डबी काढून टेबलावर ठेवली. आत कोरी पिंपं होती, झाकणं सपाट, पाय चकचकीत. मुंबईहून मागवलेली. मिल्काबाई मला म्हणाल्या, "ही डबी दर बुधवारी येते आणि परत जाते. उघडतच नाय."

काका म्हणाले, "आता ही पोर आलीय. ती लावेल. मी सांगेन तसं लावेल. मशीन बंद करायला लागेल."

मिल्काबाई भिंतीवरच्या बटणापाशी जाऊन पाठ लावून उभ्या राहिल्या. "बंद नाय करायची."

"मिल्काबाई, ऐका माझं."

"आणि नाय उठली तर? उद्या मी काय भिंतीकडं बघू? आज निदान चालतेय."

"आज चालतेय. उद्या मेंदीच्या मधीच बंद पडेल. पोरीचा हात पुढं असेल आणि पडदा काळा होईल. मग काय करशील गो?"

ते "गो" खोलीत तिघांनीही ऐकलं. काका एकदम टॉर्चशी काहीतरी करायला लागले. मिल्काबाई वळल्या आणि स्वतःच्या हातानं बटण बंद केलं. पंख्याची घरघर हळूहळू बसत गेली. तोवर त्या घरात सारखा एक आवाज होता हे तो थांबल्यावर कळलं. शेजारच्या घरातला कुकर ऐकू यायला लागला.

मी स्क्रू काढले, पट्टी बाहेर काढून टेबलावर वर्तमानपत्रावर ठेवली. प्रोसेसरच्या कडेला फुगलेली पिंपं रांगेत उभी होती, एकाच्या बुडाशी तपकिरी ओघळ. काकांनी पिशवीतून डाग देण्याची, सोल्डरिंगची सळई काढली, तापवली आणि माझ्या हातात दिली. तिच्या टोकाशी कथिल लावलं तर ते थेंब होऊन पळालं. माझा हात पट्टीवर गेला आणि तिथंच थांबला. पत्रिकेवर खडा वाकडा बसला तर दुसरी पत्रिका घेता येते. इथं दुसरं काहीच नव्हतं.

"काका, मला नाही जमणार. तुम्हीच करा."

"आपलं काम इन्स्पेक्शनचं," काका पट्टीकडे बघत म्हणाले. "मेंटेनन्स येगळा—"

"पोरीला खोटं कशाला सांगतोस?" मिल्काबाई म्हणाल्या. आवाज चढवून नाही. चहात साखर किती विचारावं तशा. मग मला म्हणाल्या, "हा मेंटेनन्सचाच. आमचे हे आणि हा एका टेबलावर बसायचे. आमचे हे बोलायचे, दानियलसारखा डाग कंपनीत कुणी देत नाय. मग याचा हात थरथर कापायला लागला. म्हणून याला इन्स्पेक्शनला टाकला."

काकांनी उजवा हात टेबलावर ठेवला. तो कापत होता. थोडा नाही, वर्तमानपत्राचा कोपरा त्यानं फडफडत होता. मी त्यांना इतकी वर्षं ओळखत होते. स्क्रू तू काढ, झाकण तू धर, टॉर्च मी मारतो, याला मी त्यांचा तोरा समजत होते. काका त्या हाताकडे असे बघत होते, जणू तो कुणीतरी त्यांच्याकडे ठेवायला दिलाय.

मिल्काबाईंनी स्टूल ओढलं. त्यांच्या शेजारी बसल्या. साडीचा पदर खोचला आणि त्यांचं मनगट दोन्ही हातांनी धरलं, घट्ट, पापड लाटताना पोळपाट धरावा तसं.

"हां," त्या म्हणाल्या. "कर आता."

"तुला काय दिसत नाय."

"मला कशाला दिसायला पाहिजे? मी धरते. तू बघ."

मग ते काम झालं. मी एका हातात टॉर्च आणि एका हातात भिंग धरून उभी. काका सांगायचे, "डावीकडं," आणि तिघांचं मिळून ते डावीकडं जायचं. हात कापतच होता, पण ती थरथर मिल्काबाईंच्या मुठीत राहायची, सळईच्या टोकापर्यंत पोचायची नाही. जुनं पिंप निघालं की काका ते नाकाशी नेऊन, मान हलवून बाजूला ठेवायचे. नवीन बसवताना मला विचारायचे, "पिंपावरची पांढरी रेघ कुठल्या बाजूला?" कारण ती उलटी बसली तर पिंप फुटतं. मी सांगायची. ते पुन्हा विचारायचे. मी पुन्हा सांगायची. मधेच मिल्काबाईंना शिंक येईल असं वाटलं, तेव्हा आम्ही तिघंही श्वास धरून बसलो. शिंक आली नाही. नाकाच्या शेंड्यावरचा घाम पुसायला कुणाचाच हात मोकळा नव्हता.

शेवटचं पिंप बसल्यावर मी पट्टी जागेवर लावली, वायरी जोडल्या आणि बटण दाबलं.

काही झालं नाही.

"थांब," काका म्हणाले.

पंखा एकदा फिरून थांबला. पुन्हा फिरला, आणि या वेळी फिरतच राहिला. पडदा उजळला. कुणी काही बोलायच्या आत घंटा वाजली, फोन आपोआप उचलला गेला, आणि पडदाभर एका टक्कल पडलेल्या माणसाचा घाबरलेला चेहरा आला.

"आई, मशीन बंद का होती? मी केव्हापासून लावतोय." मग तो पडद्याजवळ सरकला. "कोण बसलंय तुझ्याबाजूला?"

"दानियल हाय."

"अंकल? काय झालं? आईनं तुमचा हात का धरलाय?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की काम कधीच संपलं होतं, सळई मी मघाशीच काढून ठेवली होती, आणि मिल्काबाईंच्या दोन्ही मुठी अजून काकांच्या मनगटावर होत्या. काका कॅमेऱ्याकडे ताठ बघत म्हणाले, "मेंटेनन्स चालू हाय."

पडद्यावरचा माणूस वळून आत कुणालातरी तिकडच्या भाषेत ओरडून काही म्हणाला. मग एक बाई आली, एक मुलगा आला, केसांत रोलर लावलेली नवरी आली, आणि सगळे दाटीनं पडद्यात मावून आमच्या टेबलाकडे बघायला लागले. मी टॉर्च बंद केला. मिल्काबाईंनी हात सोडला नाही. "कापतो त्याचा हात," त्या लेकाला म्हणाल्या, "म्हणून धरलाय," आणि नवरीला विचारलं, की मेंदी घरी भिजवताय की बाजारची आणताय.

जेवण करून आम्ही निघालो. काकांनी दाराशी एक चप्पल पायात घातली आणि म्हणाले, "पुढच्या बुधवारी येतो बघायला, मिल्काबाई."

"उद्या ये."

"उद्या कशाला? आता त्याला काय होत नाय."

"मशीन बघायला नाय बोलवत. मेंदी हाय. नवरीकडचं कोणतरी नको का बसायला माझ्याबाजूला? कोण राह्यलंय आता?"

काका एका चपलेवर उभे राहिले. त्यांना काहीतरी बोलायचं असावं, पण कुणाच्या घरी नुसतं येऊन बसायला बोलावल्यावर काय म्हणतात, ते त्यांना आठवत नसावं. शेवटी "बरं" एवढंच म्हणाले. दुसरी चप्पल घालायला त्यांना बराच वेळ लागला.

परतीच्या गाडीत काका पेण यायला लागल्यावर म्हणाले, "कोरा शर्ट हाय एक माझ्याकडं. घड्या मोडायला लागतील." मी म्हटलं, आमच्याकडे द्या, सासूबाई इस्त्री करून देतील. गुरुवारी सकाळी तो शर्ट घालून ते गाडीला गेले. कंपनीचं नाव त्यांनी काढलं नाही.

शुक्रवारी सकाळी ते आमच्याकडे आले. कॉम्प्युटरमागे गेले, वास घेतला, "अजून हाय" म्हणाले आणि खुर्चीवर बसले. सासूबाई चहा विचारायला आल्या आणि त्यांचं लक्ष काकांच्या उजव्या हाताकडे गेलं. पहिलं बोट पेरापर्यंत लालभडक होतं.

"ह्ये काय वो?"

"मेंदी," काका म्हणाले. "आमच्यात पहिल्या बोटाला लावतात. मिल्कानं इकडं पण भिजवली होती. तिकडं पोरीला लावली, तेव्हाच तिनं इकडं मला लावली. सगळी नीट दिसली पडद्यावर."

सासूबाईंनी त्यांचा हात आपल्या हातात घेतला, उजेडाकडे वळवून नीट पाहिला. बोट त्यांच्या तळव्यावर थरथरत होतं. "रंगलीय छान," त्या म्हणाल्या.

"व्हय ना," काका म्हणाले.

सासूबाई चहा टाकायला आत गेल्या. चहा येईपर्यंत काका हात तसाच पुढे धरून, बोट वर करून बसले होते, मेंदी अजून ओली असल्यासारखे.